‘ती ट्यूब परत आणा ना’: शाळेच्या दिवसांतली क्रीम बंद का झाली, आणि तिची आठवण का सुटत नाही?

इन्स्टाग्रामवर एक ठरावीक रील अधूनमधून फिरत असतं. जुन्या ट्यूबा, झाकण हरवलेलं लिप बाम, तळाला गेलेली पावडर, मागे शाळेच्या काळातलं गाणं आणि वर एक ओळ: हे ज्यांना आठवतं ते आता म्हातारे झाले. म्हातारे म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. खाली कमेंटमध्ये एकच मागणी असते. परत आणा ना.

मागणी गोड आहे, पण तिच्यात एक गुंताही आहे. ज्या वस्तूंसाठी आपण हळवे होतो, त्यांतल्या काही वस्तू कंपनीनं सहज बंद केलेल्या नाहीत. कुणी प्रश्न विचारले, कुणी कोर्टात गेलं, कुठे आंदोलन झालं, म्हणून त्या गेल्या. काही तर गेल्याच नाहीत, फक्त नाव बदलून त्याच फळीवर बसल्या आहेत. आणि ‘जुना स्टॉक मिळेल’ म्हणणाऱ्यांची नवीच बाजारपेठ उभी राहिली आहे.

म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊया. काय बंद झालं, का झालं, आठवण नेमकी कशाची येते, आणि परत मिळतेय म्हटल्यावर घ्यावी का?

नेमकं काय बंद झालं होतं?

गोष्ट २०२० सालची. २५ मे रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ आंदोलन जगभर पसरलं. सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही पाठिंब्याच्या पोस्ट टाकल्या. तेव्हा लोकांनी त्यांना सरळ विचारलं: इकडे वर्णभेदाच्या विरोधात बोलता आणि तिकडे आशियात गोरं करणारी क्रीम विकता, हे कसं काय?

जूनमध्ये उत्तरं येऊ लागली. जॉन्सन अँड जॉन्सननं दोन मालिकांची विक्री थांबवत असल्याचं सांगितलं. एक होती न्यूट्रोजिनाची ‘फाइन फेअरनेस’, जी आशिया आणि मध्यपूर्वेत विकली जायची. दुसरी होती ‘क्लीन अँड क्लिअर’ची ‘क्लिअर फेअरनेस’, जी भारतात विकली जायची.

ही दुसरी इथे महत्त्वाची. ‘क्लीन अँड क्लिअर’च्या जाहिराती मुळात किशोरवयीन मुलींसाठी असायच्या. दहावी-अकरावीतल्या मुली, दप्तर, मैत्रिणींचा घोळका, मुरुमं. आईच्या कपाटातल्या क्रीमपेक्षा वेगळी अशी ही ‘आपली’ वस्तू होती. त्यामुळे २०१०च्या आसपास शाळेत असलेल्या मुलींच्या आठवणींत तिला खास जागा आहे.

त्याच महिन्यात, २५ जूनला, हिंदुस्तान युनिलिव्हरनं ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढणार असल्याचं जाहीर केलं. २ जुलैला नवं नाव आलं: ‘ग्लो अँड लव्हली’. १९७५ पासून भारताच्या घराघरांत असलेलं नाव ४५ वर्षांनी गेलं. लग्न जुळवणाऱ्या ‘शादी डॉट कॉम’नंही याच सुमारास त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला.

आता एक फरक लक्षात घ्या, कारण कमेंटमध्ये तो नेहमी गाळला जातो. ‘बंद झालं’ असं आपण तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. पहिली, वस्तू खरोखर बंद झाली, जशी ‘क्लिअर फेअरनेस’. दुसरी, वस्तू तीच पण नाव आणि वेष्टन बदललं, जशी ‘फेअर अँड लव्हली’. तिसरी, नाव तेच पण आतला मालमसाला बदलला. तिसऱ्या प्रकाराकडे पुढे येऊ.

तुंगार्लीतून तुळशीबागेत

हे सगळं मुंबई-पुण्याच्या मुलींपुरतं होतं असं वाटत असेल, तर लोणावळ्याकडे बघा. आम्ही वाढलो त्या तुंगार्लीत दोन गावं एकात एक राहतात. एक बंगल्यांचं, शनिवार-रविवारी जागं होणारं. दुसरं वर्षभर तिथेच राहणाऱ्यांचं. पहिल्या गावातले पाहुणे गाडीतून उतरायचे तेच नीटनेटके, गॉगल लावलेले, कुठल्या तरी परफ्यूमचा वास मागे सोडणारे. दुसऱ्या गावातल्या मुली त्यांच्याकडे बघत मोठ्या व्हायच्या.

आमच्या हातात असायची ती पुडी. शाम्पूची पुडी, क्रीमची पुडी. तमिळनाडूतल्या छोट्या उद्योजकांनी १९८०च्या दशकात शाम्पू पुड्यांतून विकायला सुरुवात केली आणि महागड्या बाटलीतली वस्तू सुट्ट्या पैशांत मिळू लागली. पुढे मोठ्या कंपन्यांनी तोच मार्ग धरला. गावातल्या किराणा दुकानात दारावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा त्यातूनच आल्या. पाच-दहा रुपये वाचवून एक पुडी घ्यायची, दोघी-तिघींनी वापरायची आणि कोपरा दुमडून ठेवायची, हा हिशोब बहुतेकींना माहीत असेल.

त्याच्या वरची पायरी म्हणजे बाजारपेठेतलं कटलरीचं दुकान. बांगड्या, टिकल्या, नेलपॉलिश, सगळं एका काचेमागे. आणि त्याही वरची पायरी म्हणजे लोकल पकडून शिवाजीनगर गाठायचं आणि तिथून तुळशीबाग. जायला दीड तास, यायला दीड तास, खरेदी दोनशे रुपयांची. त्या दोनशे रुपयांत जी ट्यूब यायची ती कितीही साधी असली तरी स्वतः निवडलेली असायची.

या आठवणीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मावळात भातलावणीच्या दिवसांत शेतात जाणाऱ्या, धरणाकडे उन्हातान्हात फिरणाऱ्या मुलीला घरातलं कुणी ना कुणी म्हणायचंच: रापशील, नंतर कोण बघणार? क्रीम त्या वाक्यावरचा उतारा म्हणून घरात यायची. त्यामुळे स्वतः निवडल्याचा आनंद आणि आपल्यात काही कमी आहे ही जाणीव, दोन्ही एकाच ट्यूबमधून आले. आज आठवण येते तेव्हा पहिली गोष्ट वर येते, दुसरी तळाशी राहते.

आठवण इतकी घट्ट का असते?

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात एका आजाराचं नाव होता. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं घरापासून दूर गेलेल्या माणसांना होणाऱ्या त्रासासाठी तो तयार केला. ग्रीकमधला ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ असे दोन शब्द जोडून. आज मानसशास्त्र त्याला आजार मानत नाही. उलट एकटं वाटत असताना, आयुष्यात मोठे बदल होत असताना अशी आठवण आधार देते, असं बरंच संशोधन सांगतं.

मग नेमकी शाळा-कॉलेजातलीच वस्तू का आठवते? साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे पुढे आयुष्यभर जास्त प्रमाणात राहतात, असं अभ्यासकांना दिसून आलं आहे. पहिल्यांदा केलेल्या गोष्टी याच काळात जास्त असतात. पहिली परीक्षा, पहिला प्रवास, पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी घेतलेली वस्तू.

त्यात वासाची भर पडते. आपण बघतो किंवा ऐकतो ती माहिती मेंदूत एका मधल्या केंद्रातून पुढे जाते. वासाची वाट मात्र जवळची आहे. नाकाकडून येणारा संदेश भावना आणि स्मृती हाताळणाऱ्या भागांपर्यंत थेट पोचतो. म्हणून जुन्या ट्यूबचा फोटो बघून हसू येतं, पण तोच वास अचानक आला तर क्षणभर आपण वर्गातल्या बाकावर असतो.

याचा साधा अर्थ असा, की आपण ‘परत आणा’ म्हणतो तेव्हा मागत असतो ते वय. ते कुठल्याच कारखान्यात बनत नाही. कंपन्यांना हे नीट माहीत आहे, म्हणूनच जुनं वेष्टन ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून परत आणायची पद्धत पडली आहे.

वास बदललाय असं वाटतं, तो भास असतो का?

दर वेळी नाही. हाच तो वर सांगितलेला तिसरा प्रकार. नाव तेच, पण आतले घटक बदललेले.

एक उदाहरण घ्या. ‘लिलियल’ नावाचा फुलांसारखा वास देणारा एक कृत्रिम घटक शाम्पू, साबण, क्रीम, परफ्यूम अशा असंख्य वस्तूंमध्ये असायचा. प्रजननक्षमतेला धोका असू शकतो या कारणावरून युरोपीय संघानं १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. जगभर माल विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक देशासाठी वेगळी कृती ठेवणं परवडत नाही. त्यामुळे अशी बंदी एका ठिकाणी आली की वास दुसऱ्या ठिकाणीही बदलू शकतो.

फेसवॉश आणि स्क्रबमधले ते रंगीत, खरखरीत कण आठवतात? प्लास्टिकच्या त्या सूक्ष्म कणांना भारतीय मानक ब्युरोनं २०१७ मध्ये असुरक्षित घटकांच्या यादीत टाकलं. नाल्यातून नदीत आणि नदीतून माशांच्या पोटात जाणारं हे प्लास्टिक थांबवणं गरजेचं होतं. आपल्याला जो ‘तो खरखरीत फील’ हवा असतो, तो गेला त्यामागे हे कारण आहे.

पावडरीचं प्रकरण, आणि त्यातला नेहमीचा गोंधळ

महाराष्ट्रात बंद झालेल्या प्रसाधनांचा विषय निघाला की जॉन्सनच्या बेबी पावडरचं नाव येतंच. नाव बाळाचं, पण घरातल्या मोठ्या मुलींपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या गळ्याला लागणारी ही पावडर. तिच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर दोन वेगळ्या बातम्या एकत्र करून फिरवल्या जातात. त्या वेगळ्या करू.

पहिली बातमी मुलुंडची. पुणे आणि नाशिक इथे घेतलेले नमुने पीएचच्या निकषात बसत नाहीत, असं सांगून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या मुलुंड इथल्या कारखान्याचा या पावडरचा परवाना रद्द केला आणि उत्पादन-विक्री थांबवायला सांगितली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. नमुने पुन्हा तपासले गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं प्रशासनाचे आदेश रद्द केले. कारवाई अवाजवी आहे, आणि जुन्या नमुन्यावर इतक्या उशिरा पाऊल उचलणं योग्य नाही, असा त्याचा आशय होता.

दुसरी बातमी जगाची. टाल्क हे खनिज जमिनीत कधीकधी अॅसबेस्टॉसच्या शेजारी सापडतं, आणि अॅसबेस्टॉसमुळे कर्करोग होतो. पावडरमुळे कर्करोग झाला असे हजारो दावे अमेरिकेत दाखल झाले. कंपनीनं कायम ही पावडर सुरक्षित असल्याचंच म्हटलं आहे. पण २०२० मध्ये तिनं अमेरिका आणि कॅनडात टाल्कची पावडर थांबवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलं, की २०२३ पासून जगभर टाल्कऐवजी मक्याच्या स्टार्चची पावडर असेल. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं टाल्कला ‘माणसासाठी बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. रोज वापरल्यानं धोका किती टक्के वाढतो, हे तो सांगत नाही.

म्हणजे मुलुंडचा मुद्दा पीएचचा होता, जगाचा मुद्दा टाल्कचा. ‘कर्करोगामुळे महाराष्ट्रानं पावडर बंद केली’ हा फॉरवर्ड दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

कंपनी विकली गेली की वस्तूचं काय होतं?

सगळीच प्रसाधनं वादामुळे जात नाहीत. कित्येकदा कारण साधं व्यवहाराचं असतं.

लॅक्मेचंच बघा. तुंगार्लीच्या शेजारी वलवण धरण आहे. त्याचं पाणी ज्या टाटांच्या वीजनिर्मितीसाठी खोपोलीला उतरतं, त्याच टाटांच्या घरात १९५२ मध्ये लॅक्मेचा जन्म झाला. परदेशी प्रसाधनांवर चलन खर्च होऊ नये, देशात चांगली वस्तू बनावी, हा त्यामागचा विचार. नाव एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलं आणि ते मुळात आपल्या ‘लक्ष्मी’चंच फ्रेंच रूप. सिमोन टाटांनी हा ब्रँड मोठा केला. १९९६ मध्ये हिंदुस्तान लिव्हरसोबत भागीदारी झाली, १९९८ मध्ये टाटांनी आपला हिस्सा विकला आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या ‘ट्रेंट’नं वेस्टसाइडची दुकानं काढली.

ब्रँड राहिला, मालक बदलला. असा व्यवहार झाला की नवा मालक आपल्याकडच्या आणि विकत घेतलेल्या वस्तूंची यादी समोर ठेवतो. एकसारख्या दोन वस्तू असतील तर एक जाते. कारखान्यात एका वेळी ठरावीक माल काढावाच लागतो. तेवढा विकला जात नसेल तर लिपस्टिकची एखादी छटा गुपचूप यादीतून निघते. त्याची ना घोषणा होते ना बातमी. आपल्याला कळतं ते दुकानदार ‘आता येत नाही’ म्हणतो तेव्हा.

मग लोकांनी मागणी केली तर वस्तू परत येते का? कधीकधी येते. १९८५ मध्ये कोका-कोलानं अमेरिकेत चव बदलली, लोक चिडले आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आली. आपल्याकडे कॅम्पा कोलाचं नाव रिलायन्सनं विकत घेतलं आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. पण सरबत आणि चेहऱ्यावरची क्रीम यांत फरक आहे. क्रीम परत आणायची तर ती आजच्या नियमांत बसली पाहिजे, आणि ती जे वचन देत होती ते आजही देता आलं पाहिजे.

वचन कुठलं होतं?

इथे खरा प्रश्न येतो. त्या ट्यूबा फक्त मऊपणा विकत नव्हत्या. अमुक आठवड्यांत गोरेपणा, आणि गोरेपणातून नोकरी, स्थळ, आत्मविश्वास असं सगळं विकत होत्या.

यावर आक्षेप २०२० मध्येच पहिल्यांदा आला असंही नाही. मुलगी सावळी म्हणून वडील हताश, क्रीम लावल्यावर तिला नोकरी लागते, अशा जाहिरातींविरोधात अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये त्या मागे घ्याव्या लागल्या. २००९ मध्ये चेन्नईतून ‘डार्क इज ब्युटिफुल’ मोहीम सुरू झाली, पुढे नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं नियम केला, की सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवायचं नाही. म्हणजे ‘काही वर्षांपूर्वी कुणाला काही वाटत नव्हतं’ हे खरं नाही. वाटत होतं, बोललंही जात होतं, ऐकलं उशिरा गेलं.

नाव बदलल्यानं सगळं बदललं का? तुमच्या ओळखीतला एखादा लग्नाचा बायोडेटा काढून बघा. ‘वर्ण’ हा रकाना अजून आहे. त्यात ‘गोरा’, ‘गव्हाळ’ असतं, आणि ‘सावळा’ लिहायचं टाळण्यासाठी मराठीनं काढलेला खास शब्द ‘निमगोरा’ही असतो. पार्लरच्या फलकावर ‘फेअरनेस फेशियल’ची जागा ‘डी-टॅन’नं घेतली. क्रीमच्या डबीवर ‘फेअर’ गेलं, ‘ग्लो’ आणि ‘ब्राइटनिंग’ आलं. शब्दांचे कपडे बदलले, मागणी त्याच घरात राहिली.

तरीही नाव जाण्याला काहीच अर्थ नव्हता असं म्हणणं चुकीचं ठरेल. आज सातवीतल्या मुलीला दुकानात काचेवर ‘गोरी आणि सुंदर’ हे दोन शब्द एकत्र लिहिलेले दिसत नाहीत. तिच्या डोक्यात ती जोडी आपोआप बसणार नाही, एवढी तरी शक्यता वाढली.

‘जुना स्टॉक आहे’ म्हणतात, घ्यावा का?

आता सगळ्यात व्यवहाराचा भाग. बंद झालेल्या वस्तूंची मागणी दिसली की विकणारे उभे राहतात. इन्स्टाग्रामची पेजं, व्हॉट्सअॅपचे गट, बाजारातली हातगाडी. यात तीन धोके आहेत.

एक, माल जुना असतो. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून त्यात जंतू वाढू नयेत यासाठी घातलेली द्रव्यं असतात, आणि त्यांचा असर कायम टिकत नाही. २०२० मध्ये बंद झालेली क्रीम आज ‘सीलबंद’ मिळाली तरी ती वापराच्या तारखेच्या पलीकडे गेलेलीच असणार. लोणावळ्यासारख्या ठिकाणी, जिथे चार महिने कपाटातल्या चपलेवरही बुरशी येते, तिथे हे वेगळं सांगायला नको.

दोन, माल नकली असतो. वेष्टन हुबेहूब छापता येतं. मूळ वस्तूच बाजारात नसल्यामुळे शेजारी ठेवून ताडून बघायची सोयही उरत नाही.

तीन, आणि हा सगळ्यात गंभीर: झटपट उजळवणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा त्वचेतलं मेलॅनिन बनवणारी क्रिया रोखतो, म्हणून रंग लवकर उतरलेला दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तीन महिलांना मूत्रपिंडाचा आजार झाला, आणि मुंबईत झालेल्या तपासणीत त्या वापरत असलेल्या, स्थानिक पातळीवर घेतलेल्या क्रीममध्ये पारा सापडला, ही बातमी २०२३ मध्ये आली होती. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये एक खास प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते.

भारतात २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची काही उत्पादनं सोडली तर, तयार प्रसाधनात पाऱ्याचा अंश चुकून आला तरी दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे कायदा आहे. पण तो परवाना असलेल्या, तपासता येणाऱ्या मालावर चालतो. पेजवरून आलेल्या बिननावाच्या डबीपर्यंत तो पोचतो तेव्हा बहुतेकदा कुणीतरी आजारी पडलेलं असतं.

म्हणून घेण्याआधी एवढं बघा:

- बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख वेष्टनावर छापलेली आहे का. वरून चिकटवलेली पट्टी असेल तर सोडून द्या.
- परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का.
- घटकांची यादी आहे का. त्यात ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ असं काही दिसलं तर हात लावू नका. यादीच नसेल तरी तेच करा.
- ‘सात दिवसांत रंग उजळेल’ असा दावा आहे का. इतक्या लवकर फरक दिसत असेल तर आत पारा किंवा स्टेरॉइड असण्याची शंका घ्यायलाच हवी. स्टेरॉइडच्या मलमांनी चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल होते, केस उगवतात, आणि सोडल्यावर त्रास वाढतो. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत यासाठी सरकारनं २०१८ मध्ये नियम कडक केले आहेत.
- आधीच वापरत असाल आणि पाय किंवा चेहरा सुजणं, लघवीला फेस येणं असं काही दिसलं, तर डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्या. डॉक्टर क्रीमबद्दल विचारतीलच असं नाही, तुम्ही सांगा.

फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. प्रसाधनाच्या दर्जाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे होते.

मग आठवणीचं काय करायचं?

ठेवायची. तिच्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पंधराव्या वर्षी बाजारात जे होतं ते आपण घेतलं, आणि जे वाक्य घरात ऐकू येत होतं त्यावर जो उपाय दिसला तो केला. मैत्रिणीसोबत पुडी अर्धी-अर्धी करण्यात जी माया होती, ती ‘फेअर’ या शब्दावर उभी नव्हती. शब्द गेला तरी ती जाणार नाही.

पण ‘परत आणा’ लिहिताना काय परत हवंय हे मात्र ठरवता येतं. वास परत हवा असेल तर तसं म्हणा, तो सुरक्षित घटकांतून बनवता येतो. सुट्ट्या पैशांत मिळणारी छोटी पुडी हवी असेल तर तसं म्हणा. ती मागणी आज उलट जास्त रास्त आहे, कारण चांगल्या सनस्क्रीनची किंमत अजून कित्येक घरांना झेपत नाही आणि मावळातल्या शेतात उभ्या असलेल्या बाईला तिची गरज बंगल्यातल्या पाहुण्यांपेक्षा जास्त आहे. आणि सावळ्या चेहऱ्याला शोभतील अशा छटा हव्या असतील तर तेही म्हणा. २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या ‘फेंटी ब्युटी’नं फाउंडेशनच्या एकदम ४० छटा काढल्या, तेव्हा इतर कंपन्यांनाही आपल्या याद्या वाढवाव्या लागल्या. मागणी नेमकी असली की बाजार हलतो.

ती जुनी ट्यूब आपल्याला सांगत होती, आधी बदल, मग छान दिसशील. पुढच्या वेळी ते रील समोर येईल तेव्हा लाइक जरूर करा, कमेंटमध्ये मैत्रिणीला टॅगही करा. फक्त खालच्या ‘स्टॉक आहे, इनबॉक्समध्ये या’ या उत्तरावर बोट ठेवण्याआधी हे एकदा तिलाही वाचायला पाठवा.